दुसरी डिस्क

डिस्क आत गेली, थोडी घरघरली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर चौकट उघडली. या डिस्कचा विभाग आणि तुमच्या ड्राइव्हचा विभाग जुळत नाही, बदलायचा का? बदल अजून चारच वेळा करता येईल. त्यानंतर ड्राइव्ह जिथे असेल तिथेच कायमचा अडकेल.

"चारच वेळा का?" पप्पा सोफ्यावरून म्हणाले.

त्यांना समजावून सांगितलं. डीव्हीडी आली तेव्हा सिनेमा कंपन्यांनी जगाचे सहा भाग पाडले. अमेरिका एक, युरोप आणि जपान दोन, हाँगकाँग-तैवान तीन, भारत पाच, चीन सहा. एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालू नये, म्हणजे अमेरिकेत डिस्क विकायला आली तरी बाकी ठिकाणचा थिएटरचा धंदा बसणार नाही आणि प्रत्येक देशात वेगळा भाव लावता येईल. नव्या ड्राइव्हला असे एकूण पाच बदल मिळतात. आमच्या हातातला सिनेमा सहा नंबरच्या देशातला, एक नंबरच्या देशात विकलेला आणि आम्ही तो पाच नंबरमध्ये बसून बघणार होतो.

"आपल्या दुकानात तर असलं काही नव्हतं," पप्पा म्हणाले.

नव्हतंच. आपल्या दुकानातल्या डिस्कना कुठलाच देश नव्हता.

सिनेमा होता जॉन वूचा 'रेड क्लिफ'. न्यू जर्सीत असलेल्या मैत्रिणीने तिकडे जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचललेला दोन भागांचा संच दिवाळीला येताना माझ्यासाठी आणला होता. सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चीन आणि आसपासच्या देशांत तो दोन भागांत लागला. पहिला जुलै २००८मध्ये, दुसरा जानेवारी २००९मध्ये. दोन्ही मिळून २८८ मिनिटं. पहिल्या भागाने चीनमध्ये कमाईचा 'टायटॅनिक'चा विक्रम मोडला. आशियाबाहेर मात्र दोन्ही भाग कापून, जोडून १४८ मिनिटांचा एकच सिनेमा दाखवला गेला. म्हणजे जवळजवळ निम्मा गेला. अमेरिकेतल्या लोकांना पूर्ण सिनेमा पाहायला मिळाला तो नंतर, डिस्कवर. थिएटरात छोटा आणि घरात मोठा, असा हा उलटा प्रकार.

गोष्ट इसवी सन २०८ची. हान साम्राज्य मोडकळीला आलेलं. सम्राट नावाला, सत्ता पंतप्रधान त्साओ त्साओच्या हातात. उत्तर जिंकून तो प्रचंड सैन्यासह दक्षिणेकडे निघतो. आठ लाखांचं सैन्य असल्याचा त्याचा दावा, प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच लाखांच्या आसपास असावं. समोर दक्षिणेतले दोन सरदार, ल्यू बेई आणि सुन च्वान, दोघांचं मिळून पन्नास हजार. यांगत्झे नदीच्या काठावर ल्यू बेईचा सल्लागार चूक्अ ल्यांग आणि सुन च्वानचा सेनापती चौ यू एकत्र येतात आणि त्साओ त्साओचं आरमार जाळून टाकतात. चूक्अ ल्यांग तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि गेल्या वर्षभरातली माझी मोठी कामगिरी म्हणजे एका पेमेंट मॉड्यूलमधला बग शोधणं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो चौदाव्या वर्षी, इचलकरंजीत, आमच्या दुकानात.

पप्पांची सीडी लायब्ररी होती. दहा बाय बाराचा गाळा, तीन भिंतींना फळ्या, काउंटरवर एक टीव्ही आणि त्याखाली चायनीज बनावटीचा व्हीसीडी प्लेअर. व्हीसीडीत साधारण सव्वा तासाचंच चित्रीकरण मावतं, त्यामुळे हिंदी सिनेमा म्हणजे किमान दोन डिस्क. माझ्या लहानपणी मध्यंतर म्हणजे उठून डिस्क बदलणं. गिऱ्हाईक बहुतेक मागावरचे कामगार, बरेचसे उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले. पगार झाला की चौघे-पाच जण मिळून प्लेअर आणि चार सिनेमे रात्रभरासाठी न्यायचे. त्यांची आवड ठरलेली होती. मिथुन, सनी आणि 'चायनीज फायटिंग'. जॅकी चॅन, जेट ली हिंदीत डब केलेले. दिवसभर मागाच्या खटखटाटात उभं राहून कानांनी काम करायचं बंद केलेलं असायचं, त्यामुळे संवाद कळला नाही तरी चालेल असा सिनेमा त्यांना हवा असायचा.

मी शाळा सुटली की दुकानात. वही माझ्याकडे. नाव, डिस्कचा नंबर, नेल्याची तारीख, डिपॉझिट. परत आलेली डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे बघायचे, मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायची. गोल पुसायची नाही. गोल पुसलं आणि कापडात खडा असला तर ओरखडा वाचनाच्या रेषेच्याच दिशेने पडतो आणि सिनेमा तिथे अडकतो. हे मला इंजिनिअरिंगच्या आधी सात-आठ वर्षं माहीत होतं, कारण कळलं तिसऱ्या वर्षाला. पप्पा म्हणायचे, ही मोठी होऊन दुकान चालवणार. गिऱ्हाईकं हसायची.

२००७-०८ला मोझर बेअरने अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी विकायला सुरुवात केली आणि आमचा धंदा हलायला लागला. दहा रुपये भाड्याला आणि अठ्ठावीसला कायमची. कोण भाड्याने नेईल? उत्तर म्हणून पप्पांनी 'फाइव्ह इन वन' ठेवायला सुरुवात केली. एका डीव्हीडीत पाच सिनेमे. ते कुठून यायचे हे सांगायला नको. 'रेड क्लिफ' असाच आला, चार जॅकी चॅनच्या सोबतीला पाचवा, अर्थात छोटी आवृत्ती.

पाच सिनेमे एका डिस्कमध्ये कोंबले की चित्राचं काय होतं, ते या सिनेमाइतकं कुठेच दिसणार नाही. त्यात एक प्रसंग आहे. चूक्अ ल्यांगला तीन दिवसांत एक लाख बाण गोळा करायचे असतात. तो धुक्यात गवताने मढवलेल्या नावा शत्रूच्या तळाजवळ नेतो, नगारे वाजवतो, घाबरलेले शत्रूचे धनुर्धारी अंदाजाने बाण सोडतात आणि गवतात रुतलेले बाण घेऊन नावा परत येतात. धुकं हा कॉम्प्रेशनचा सगळ्यात मोठा शत्रू. धुक्यात रेषा नसतात, फक्त राखाडीच्या हजार छटा एकमेकींत विरघळलेल्या असतात आणि जागा कमी असली की सॉफ्टवेअर त्या छटा फेकून देऊन चौकोन भरून मोकळं होतं. आमच्या टीव्हीवर नदी नव्हतीच. राखाडी फरशी होती आणि फरशीतून काळे चौकोन बाहेर येत होते. तरी मी तो प्रसंग तीनदा मागे घेऊन बघितला. इतकी भारी युक्ती मी तोवर पाहिली नव्हती. (खऱ्या इतिहासात ही युक्ती चूक्अ ल्यांगची नाही. एका जुन्या टिपणात असं आहे की काही वर्षांनी सुन च्वान मोठ्या नावेतून त्साओ त्साओचा तळ बघायला गेला, एका बाजूला इतके बाण रुतले की नाव कलली, तेव्हा त्याने ती वळवली आणि दुसऱ्या बाजूलाही बाण घेऊन तोल सावरला. कादंबऱ्यांनी नंतर ती कथा फुलवून चूक्अ ल्यांगच्या नावावर केली. मला मूळची जास्त आवडते. तिच्यात आधी योजना नाही, नाव बुडायला लागल्यावर सुचलेलं शहाणपण आहे.)

तेव्हा मला अर्धी पात्रं कळली नव्हती. एक बाई घोड्यावर दिसते, कुणाची तरी बहीण, लढायची हौस असलेली. ती मधेच कुठे जाते आणि नंतर एवढी रडवेली का, हे समजलं नाही. वाटलं डिस्क खराब आहे. उजेडात धरून बघितली. चांगली होती.

त्याच पावसाळ्यात पप्पांनी मला दुकानात यायचं बंद केलं.

झालं असं, की पप्पा चहाला गेले होते. एक माणूस आला, नेहमीचाच, आणि म्हणाला, खालच्या कप्प्यातली दे. काउंटरखाली एक कुलपाचा कप्पा होता. त्यात काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं, पण चौदाव्या वर्षी कळत नाही असं नसतं. मी म्हटलं, पप्पा आल्यावर या. तो हसून थांबला. पप्पा आले, त्यांनी त्याला डिस्क दिली, माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं, आता दहावी जवळ आली, दुकानात जायचं नाही. दहावीला पावणेदोन वर्षं होती.

माल तसाच राहिला आणि मला काढलं. हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं मनात म्हणत होते. कुणाला कधी म्हटलं नाही.

दुकान २०१३ला बंद झालं. गाळ्यात मोबाइल रिचार्जवाला आला. पुढच्या वर्षी मी पुण्याला इंजिनिअरिंगला. हॉस्टेलच्या लॅनवर कुणीही काहीही शेअर करायचं, हजारो सिनेमे, फुकट, भाडं नाही, डिपॉझिट नाही, वही नाही. पप्पांच्या धंद्यावर शेवटची माती आमच्यासारख्यांनीच टाकली आणि मी ती आनंदाने टाकत होते. तिथे मला 'रेड क्लिफ'चे दोन भाग सापडले. नऊ-दहा जीबीच्या दोन फाइली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सलग बसून बघितले.

ती घोड्यावरची बाई म्हणजे सुन च्वानची बहीण, सुन शांगश्यांग. झाव वेईने ती साकारली आहे. पूर्ण सिनेमात ती पुरुषाचा वेश करून त्साओ त्साओच्या छावणीत घुसते. तिथे तिला एक साधा शिपाई भेटतो, सुन शूत्साय. भोळा, दणकट, चेंडू खेळण्यात पटाईत. छावणीत चामड्याच्या चेंडूचा सामना होतो, तो इतका छान खेळतो की त्साओ त्साओ खूश होऊन त्याला बढती देतो. त्याला ती मुलगी आहे हे माहीतच नाही. तो तिला 'जाड्या' अशा अर्थाच्या नावाने हाक मारतो, खांद्यावर उचलून घेतो, आणि ती त्या खांद्यावरून शत्रूची छावणी मोजून घेते. ती परत येते तेव्हा छावणीचा नकाशा असलेलं लांब कापड अंगाला गुंडाळलेलं असतं. ती सगळ्या सरदारांसमोर गोल फिरत ते सोडत जाते आणि ते रांगडे बाप्ये नजर कुठे ठेवावी या विचाराने कसनुसे होतात. शेवटच्या लढाईत, आगीच्या लोळात, तो शिपाई आणि ती समोरासमोर येतात. तो तिला ओळखतो, आनंदाने तिच्याकडे धावतो. आणि तिच्याच बाजूच्या बाणांनी मरतो.

छोट्या आवृत्तीत तिची हेरगिरी आणि ही मैत्री कापलेली आहे. म्हणजे चौदाव्या वर्षी डिस्क नीट होती. ती गोष्टच तिच्यात नव्हती.

कापणाऱ्याची बाजूही मी समजू शकते. छोटी आवृत्ती टाकाऊ नाही. परदेशी प्रेक्षकाला त्साओ, चौ, चाव अशा नावांच्या गर्दीतून वाट काढायची असते, म्हणून सुरुवातीला इंग्रजी निवेदन आहे. आग, नावा, डावपेच, सगळं शाबूत आहे. काय काढायचं असं विचारलं तर कुणीही हेच काढेल. सुन च्वानची वाघाची शिकार काढेल, कारण त्याचं धैर्य कुठून आलं हे कळलं नाही तरी तो लढतोच. शिपायाची मैत्री काढेल, कारण तिच्याशिवायही लढाई जिंकली जातेच. रोजच्या कामात मीही हेच करते. ज्या कोडवर काही अवलंबून दिसत नाही ते उडवते. फक्त इथे ते उडवल्यावर शत्रूच्या बाजूला एकही चेहरा उरत नाही. अडीच लाखांतला एकच माणूस आपल्या ओळखीचा झाला होता. तो नसला की शेवटची आग नुसती आतषबाजी होते आणि चौ यू जेव्हा इथे कुणीच जिंकलं नाही अशा अर्थाचं काही म्हणतो, तेव्हा आपण म्हणतो, अरे, तुम्ही तर जिंकलात की!

शांगश्यांगवर मी नंतर बरंच वाचलं. इतिहासाने तिचं नावही ठेवलेलं नाही. तिसऱ्या शतकात चन शौने लिहिलेल्या बखरीत ती फक्त 'सुन घराण्यातली बाई' आहे. शांगश्यांग हे नाव तिला पुढे रंगभूमीने दिलं. पण बखरीत एक तपशील टिकला आहे. तिचं लग्न ल्यू बेईशी लावून देण्यात आलं, राजकारण म्हणून. तिच्या तैनातीला शंभरावर दासी होत्या, सगळ्या हातात तलवारी घेऊन उभ्या. ल्यू बेई आत शिरताना दर वेळी मनातून थरथरायचा म्हणे. नाव गेलं, थरथर राहिली.

तर दिवाळीत पप्पा आणि मी तो संच बघायला बसलो. विभाग पाचचा एक केला, उरले तीन बदल. व्हीएलसीने या कटकटीतून सहसा सुटका होते, पण हा ड्राइव्ह हट्टी निघाला. पप्पांना वाचता येतील म्हणून सबटायटलं मोठी केली, तरी मधूनमधून मलाच मराठीत सांगावं लागत होतं. दोन संध्याकाळी, दोन भाग. पहिल्या दिवशी घोडीच्या बाळंतपणाचा प्रसंग त्यांना फार आवडला. एका सेनापतीच्या घरी सल्लागार युद्धाची बोलणी करायला येतो आणि आधी अडलेल्या घोडीचं शिंगरू सोडवतो. "असाच माणूस पाहिजे बोलणी करायला," पप्पा म्हणाले. पहिला भाग संपतो तो पांढऱ्या कबुतरावर. चूक्अ ल्यांगने सोडलेलं कबुतर नदी ओलांडून, शेकडो नावांवरून शत्रूच्या छावणीत जातं. जॉन वूच्या सिनेमात कबुतर येणारच, पण इथे ते निरोप्या आहे. पप्पा म्हणाले, "मग? लाव की दुसरी."

म्हटलं उद्या.

"लोक असंच करायचे. पहिली डिस्क बघायची आणि रात्री बाराला दुकानाचं शटर वाजवायचं, दुसरी द्या म्हणून."

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. या वेळी ते धुकंच होतं. नावा कुठे सुरू होतात हे दिसत नाही, आधी नगारे ऐकू येतात. छावणी, चेंडूचा खेळ, शिपाई. पप्पा पुढे सरकून बसले.

"ही आपल्या कॉपीत नव्हती," ते म्हणाले.

मी चमकले. "तुम्ही बघितलेला आपल्या दुकानातला?"

"बघितलेला म्हणजे? गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी सगळं लावून बघायचो मी. हा त्या फाइव्ह इन वनमधला ना? मला तेव्हाच वाटलेलं काहीतरी गाळलंय. ती पोरगी एकदम येते एकदम जाते."

तो कप्प्याचा विषय मी काढणार नव्हते. पण ती छावणीत मान खाली घालून पुरुषांच्या रांगेत उभी होती आणि तोंडातून निघून गेलं, "पप्पा, मला दुकानातून का काढलं होतं?"

बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला माहितीये की."

"माझ्याऐवजी ते काढायचं होतं."

"ते काढलं असतं तर गाळ्याचं भाडं निघालं नसतं. शेवटची तीन वर्षं त्याच्यावरच चाललंय." मग थोड्या वेळाने, "तुझा क्लास पण."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्या क्लासमुळे मला कॉलेज मिळालं, हॉस्टेल मिळालं, लॅन मिळाली. मला राग यायला हवा होता की वाईट वाटायला हवं होतं, हे ठरेना. आईने आतून विचारलं, चहा ठेवू का? दोघंही एकदम हो म्हणालो.

पडद्यावरही चहाच चालला होता. चौ यूची बायको श्याव च्याव एकटी त्साओ त्साओच्या छावणीत जाते आणि वारं फिरेपर्यंत त्याला चहाच्या सोपस्कारांत गुंतवून ठेवते. तो लढाईचा हुकूम द्यायचा सोडून पेल्याकडे बघत बसतो. वारं फिरतं. आग लागते. शिपाई मरतो तेव्हा पप्पांनी फक्त "अरेरे" म्हटलं, मागावरचे कामगार म्हणायचे तसं, मोठ्याने.

शेवटी ते शिंगरू येतं. युद्ध संपलंय, चूक्अ ल्यांग निरोप घेऊन निघालाय आणि ते त्याला देताना याचा लढाईचा घोडा होऊ देऊ नकोस असं सांगितलं जातं. नावं वर सरकायला लागली. मी दिवा लावला.

पप्पांनी हात पुढे केला. मी डिस्क काढून दिली. त्यांनी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, दोन्ही बाजूंनी फिरवून बघितली, बनियनचं टोक बोटाला गुंडाळून मधून बाहेर एकदा सरळ पुसली आणि डबीत बसवली. टक आवाज आला.

"पहिली कुठाय?" ते म्हणाले. "दोन्ही एकत्र ठेव. एक हरवली की दुसरीला कोण विचारत नाही."